बांधावरचा ड्रम आणि चंद्राच्या चौदा फेऱ्या

मी सुपडू नानांच्या बांधावरचा निळा ड्रम बोलतोय. दोनशे लिटरचा. रिकामा असलो की मी उगाच फार वाजतो, तेव्हा माझं भरल्या पोटाचं बोलणंच खरं धरा.

जन्म सुरतेच्या एका कारखान्यातला. तिथे साबणाचं पाणी वाहून झालं आणि मी धुळ्याच्या भंगारात आलो. नानांनी मला टेम्पोत आडवा घातला आणि पिंपळनेरजवळच्या आपल्या कापसात आणून उभा केला. तेव्हापासून नानांच्या पत्नी बेबाबाई विहिरीवरून हंड्याहंड्याने पाणी आणून मला भरतात आणि नाना माझ्यातून पंप भरून फवारणी करतात. माझ्या पोटावर खाली एक कडं आहे. त्याखालचं पाणी पंपात घालायचं नाही, ते औषधाचे हात धुवायला, असा बेबाबाईंचा दंडक. तो मोडायची नानांचीही छाती नाही.

त्यांची मुलगी मोहिनी बंगळुरात चंद्रावर माणसं उतरवायच्या मोहिमेची आखणी करते. यंदा कानबाईच्या सणाला ती घरी आली, प्रसादाचे रोट खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन बांधावर बसली, कारण नेटवर्क तिथेच येतं. बुधवारी तिला वरिष्ठांपुढे आराखडा मांडायचा होता.

नानांनी विचारलं तेव्हा तिने समजावलं. चंद्रावर जाणारं यान भरल्या टाक्यांनी उडवणं झेपत नाही. ते आधी पृथ्वीभोवती फिरत ठेवायचं. मग दुसरी रॉकेटं वर जाऊन त्यात इंधन भरतात, खाली येऊन उभीच्या उभी उतरतात आणि पुन्हा भरून निघतात.

"म्हंजे तुनी माय," नाना म्हणाले. बेबाबाई हंडा रिकामा करत हसल्या. म्हणजे रॉकेटं त्या आणि यान मी, हे लक्षात येऊन मीही जरा फुगलो.

अशा चौदा फेऱ्या लागत होत्या. वरिष्ठांना त्या जास्त वाटत, म्हणून मोहिनीने त्या अकरात बसवल्या होत्या आणि त्याचा तिला कोण अभिमान. उन्हाने उडून जाणारं इंधनही तिने धरलं होतं. काढून टाकलं होतं ते फक्त अडीअडचणीसाठी ठेवलेलं.

दुपारी फवारणीची शेवटची ओळ राहिली. बेबाबाई भाकरी आणायला घरी गेलेल्या. एका पंपात काम उरकतंय तर कशाला थांबा, असं पोरीला वाटलं. तिने बादली कड्याखाली घातली आणि मला तळापर्यंत खरवडलं. नाना थकले होते, त्यांनी पाहिलंच नाही.

ओळ निम्मी झाली आणि पंपाची नळी सुटली. औषध थेट नानांच्या डोळ्यांत. ते चाचपडत आले, माझ्यात हात घातला, आणि माझ्याकडे द्यायला थेंब नव्हता. एवढी लाज मला जन्मात वाटली नाही. मोहिनी अनवाणी विहिरीकडे धावली.

डोळे वाचले. पिंपळनेरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. रात्रभर पोर बापाच्या उशाशी रडत होती, असं बेबाबाई दुसऱ्या दिवशी मला भरताना शेजारणीला सांगत होत्या. नाना रागावले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "काम नही व्हयनं तरी चाली. मानूस घर उना पाहिजे." माणूस घरी आला पाहिजे, बस.

बुधवारची बैठक माझ्याच शेजारी झाली. मोहिनीने चौदा फेऱ्या मांडल्या. तीन कोणी वाढवल्या, असं पलीकडून जरा कडक आवाजात विचारलं गेलं.

"मी," ती म्हणाली. "अकरा फेऱ्यांत आपली चार माणसं चंद्रावर पोचतात. पण वाटेत काही बिघडलं तर ती घरी येत नाहीत. अकरांवर मी सही करणार नाही."

पुढे बरीच वादावादी झाली. मोहीम आठ महिने लांबली, पण चौदा फेऱ्या कायम राहिल्या.

आता माझ्या तळाला चीर गेली आहे. मला आडवा कापून शेळ्यांना पाणी प्यायला कुंडी करायचा नानांचा विचार आहे. खुशाल कापा, माझी ना नाही. फक्त त्या चौघांची खबर मला द्या. ते निघाले, चंद्रावर उतरले, हे सांगायला विसरलात तरी चालेल. घरी आले की मात्र सांगा.