मागचा गिअर

रावजीच्या जुन्या लाँचचा गिअर आठवडाभर रुसून बसला होता. लिव्हर मधे आणली तरी पाण्यातला पंखा फिरतच राहायचा, आणि जोर करून ओढली तर इंजिनच बंद पडायचं. उजनीच्या पाण्यावर इंदापूरच्या बाजूनं माणसांची ने-आण करण्याआधी रावजी वालचंदनगरला फिटर होता. मशीन रुसलं की समजूत कुठं काढायची ते त्याला कळायचं. त्यानं लिव्हरची केबल इंजिनापासून सोडवली आणि नुसती लिव्हर हलवून पाहिली. अगदी अलगद हलली. म्हणजे दुखणं वर नव्हतं. ते खाली होतं, लाँचच्या पाठीमागं पाण्यात उतरलेल्या इंजिनाच्या पायात. तिथलं रबर फाटलेलं, आत पाणी शिरलेलं आणि खालची केबल गंजून धरलेली.

नवी केबल मुंबईहून यायची होती. तोवर लाँच काठालाच ठेवायची, असं रावजीनं ठरवलं आणि ते शहाणपणाचं होतं. पण घरात त्याची आई मुक्ताबाई होती, आणि तिच्यापुढं शहाणपण कधी टिकलंय?

तिचं गाव धरणात गेलेलं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की जुन्या गावचं देऊळ उघडं पडतं आणि गावातून उठून गेलेली घरं निवद घेऊन तिथं जातात. वरून पाणी सुटलं की देव पुन्हा वर्षभर पाण्याखाली.

"फुडल्या साली मी हाय का न्हाय, कुणी सांगावं?" म्हातारी म्हणाली.

रावजीनं केबलमध्ये थेंब थेंब तेल सोडलं. लाँच ट्रॉलीवर चढवली. धाकटा भाऊ दत्तोबा हातानं पंखा फिरवत होता आणि रावजी लिव्हर टाकत होता. पुढं, मधे, मागं. सगळं जिथल्या तिथं पडलं.

"दादा, तुजी केबल म्हंजी आईचा गुडघा," दत्तोबा म्हणाला. "त्याल चोळलं की दोन दिस पळतोय."

रावजी हसला. ही परीक्षा बंद इंजिनावरची होती. इंजिनाचा आणि पाण्याचा जोर आला की केबल काय करेल, हे तिच्यात कळणार नव्हतं. रावजीला ते ठाऊक होतं, पण गिअर पडल्याच्या आनंदात त्यानं तिकडं कानाडोळा केला.

जाताना काही झालं नाही. निवद झाला, म्हातारीनं गाभाऱ्यातला चिखल कपाळाला लावला, पोटभर रडली. मग निघायची वेळ आली. देवाला पाठ दाखवायची नाही ही त्या गावची रीत. देवळातून माणूस उलट्या पावलांनी निघतो, तशी त्यांची लाँचही मागं मागं निघते. पण पाण्याखाली गावाच्या भिंती अजून उभ्या आहेत. पंखा आपटून मोडू नये म्हणून एकजण पाण्यात उतरून लाँचच्या मागं चालतो आणि पायांनी चाचपत वाट दाखवतो. दरवर्षी हे काम दत्तोबाचंच.

"आये, आज वळवूनच घेतो. गिअरचा भरवसा न्हाय," रावजी म्हणाला.

"आजवर कुणी पाठ दावली न्हाय. तूच पयला व्हय?"

"चल की दादा," म्हणत दत्तोबा छातीभर पाण्यात उतरलासुद्धा.

रावजीनं मागचा गिअर टाकला. लाँच हळूहळू मागं सरली. म्हातारी देवळाकडं तोंड करून हात जोडून बसली होती. थोड्या अंतरावर दत्तोबाचा पाय एका भिंतीच्या फटीत अडकला. त्यानं हात वर केला. "थांब, दादा!"

रावजीनं लिव्हर मधे ओढली. लिव्हर आली, गिअर आला नाही. पंखा फिरतच राहिला. त्यानं दोन्ही हातांनी लिव्हर ओढली, ढकलली, पुन्हा ओढली. इंजिनाची किल्ली वीतभर अंतरावर होती. ती फिरवली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं. पण आठवडाभर त्याच्या डोक्यात केबलच होती, आणि हात तिच्याशीच झगडत राहिले. दत्तोबाची किंकाळी ऐकल्यावर त्याला किल्ली दिसली.

वर ओढून घेतला तेव्हा दत्तोबाची मांडी पंख्यानं फाटून उघडी पडली होती. म्हातारीनं लुगडं फाडून करकचून आवळलं, तरी रक्त थांबेना. आसपास दुसरी होडी नव्हती. रावजीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावून काठावर बोलावलं आणि इंजिन सुरू केलं. गिअर मागंच अडकलेला. पुढं जायचा काही मार्गच नव्हता. लाँच तशीच उलटी निघाली, लाटा अंगावर घेत, पायी चालल्यासारखी.

"दादा, काठ दिसतुय का?" दत्तोबानं विचारलं.

"दिसतुय. आलाच."

काठ खूप लांब होता. दत्तोबानं आणखी एकदा विचारलं, मग विचारायचा थांबला. म्हातारी त्याचे गाल थोपटत राहिली, हाका मारत राहिली. रावजीनं मागं वळून भावाच्या तोंडाकडं पाहायचं धाडस केलं नाही.

काठावर दत्तोबाची बायको वृषाली भाकरी घेऊन उभी होती. तिला फोन करायला रावजीची जीभ रेटली नव्हती. ॲम्ब्युलन्स अजून पोचली नव्हती. पाण्यावरून उलटी येणारी लाँच पाहून वृषाली हसायला लागली. पदर तोंडाला लावून, अगदी पोट धरून.

"भाऊजी!" ती लांबूनच ओरडली. "ह्यांचाच चाळा दिसतुय ह्यो! सरळ यायला काय झालं तुमास्नी?"

आपलं इंजिन इथंच बंद पडावं आणि हा काठ कधी येऊच नये, असं रावजीला वाटलं.