उन्हाळ्यातला गॅस

चंद्रव्वाच्या डोक्यात तिडीक गेली ती दिवाळीच्या पाडव्याला. दूध सोसायटीचा सेक्रेटरी शिवयोगी दारात उभ्या उभ्या सांगून गेला की आजपासून मीटर शून्यावर. म्हणजे उन्हाळाभर चंद्रव्वाच्या गोबरगॅसमधून जो गॅस सोसायटीच्या पाइपात गेला, तो गेला. थंडीत त्यातलं काही परत मिळायचं नाही, तिच्याकडे गॅस सोडायचा कॉक बंदच राहणार.

असं मुळी ठरलंच नव्हतं. गोबरगॅस उन्हाळ्यात उतू जातो, आणि थंडीत टाकीतलं शेण गारठलं की शेगडी नुसती फुरफुरते. म्हणून तर चेअरमन आबासाहेबांनी होळीच्या सुमारास तिच्या दारातली टाकी सोसायटीच्या मोठ्या, थंडीतही न गारठणाऱ्या टाकीला जोडून घेतली होती आणि मध्ये मीटर बसवला होता. तिच्याकडून गॅस गेला की आकडा चढायचा, तिच्याकडे आला की उतरायचा. उन्हाळ्यात तुम्ही द्या, थंडीत आम्ही देऊ, असं ते चार माणसांत बोलले होते.

वैशाखात सुनेला, निंगव्वाला, दिवस गेल्याचं कळलं. तिला आई नव्हती, तेव्हा पहिलं बाळंतपण सासरीच होणार, आणि तेही ऐन थंडीत. त्यात पोरीला दमा. चुलीचा धूर नाकात गेला की छाती वाजायची. रॉकेल तर रेशनवर येईल तेव्हा खरं. त्या दिवसापासून चंद्रव्वानं घरच्या शेगडीला हात लावला नाही. अंगणात चूल मांडून, डोळे पुशीत भाकरी थापल्या आणि गॅस सगळा पाइपात सोडला. बाळंतिणीचा शेक आणि अंघोळीचं पाणी धुराविना व्हावं, एवढ्यासाठी.

पाडव्याला शिवयोगी सांगून गेला, आणि ती तशीच सोसायटीत गेली. आबासाहेब म्हणाले, ठराव झालाय, नियम सगळ्यांना सारखा. सगळ्यांना म्हणजे कुणाला? दारात स्वतःची टाकी असलेली गावात ती एकटीच होती, बाकी सगळे नुसते घेणारे. आणि पाइपावरचं पहिलं घर आबासाहेबांचं. तिच्या गॅसवर उन्हाळाभर त्यांचा चहा उकळला होता, आणि नियम शिकवत होते तिला! तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण भांडून गॅस मिळत नाही हे तिला कळत होतं. ती घरी आली.

पौष लागता लागता सोलापूरच्या दवाखान्यात निंगव्वाला मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दोघींना धुरापासून लांब ठेवा. एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असलेल्या बिरदेवानं, निंगव्वाच्या नवऱ्यानं, टेम्पो आणला. गावात शिरल्यावर चंद्रव्वानं टेम्पो घराकडे वळू दिला नाही. तो थांबला आबासाहेबांच्या दारात.

आबासाहेबांची बायको मथुराबाई बाहेर आली आणि उंबऱ्याशी बाळंतीण बघून थबकली. अशा वेळी कुणी का कशाला विचारत नाही. तान्ह्या लेकराला दारातून परत लावलं असं आपल्या नावावर कोण घेणार? ती आत गेली, भाकरतुकडा आणि पाणी घेऊन आली, मायलेकींवरून ओवाळून टाकलं आणि त्यांना घरात घेतलं. मग चंद्रव्वानं तिला सगळं सांगितलं. आबासाहेबांनी यातलं अक्षरही घरात काढलं नव्हतं. मथुराबाईचा चेहरा उतरला, आणि तिनं स्वतःच्या हातानं बाज उचलून शेगडीजवळ टाकली.

संध्याकाळी आबासाहेब आले, तर स्वयंपाकघरात लेकरू रडत होतं.

"ह्ये काय चाललंय?"

"माझा गॅस हितं हाय," चंद्रव्वा म्हणाली. "मग माझी बाळंतीण बी हितंच ऱ्हाईल."

त्यांनी आवाज उतरवला. आत्ता कॉक उघडायला लावतो, तुमच्या घरी गॅस येईल, म्हणाले.

"उघडा की. पर ओली बाळंतीण ह्या घरातनं त्या घरात नाचवत न्हाईत. सव्वा महिना झाला की न्हेते."

आबासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. मथुराबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "शेगडी मोकळी न्हाई. च्या सोसायटीत जाऊन प्या."

ते जोडे घालून निघाले, कॉक उघडायलाच निघाले असतील. पण चंद्रव्वाचा राग काही गेला नाही. त्या धुराचे सगळे दिवस तिच्या डोळ्यांत अजून चुरचुरत होते. निंगव्वाच्या अंघोळीचं पाणी चढवलेलं होतं. चंद्रव्वानं शेगडी होती त्याहून मोठी केली.