कणीक मुरेपर्यंत

जया सावंतनं एकोणपन्नासाव्या वर्षी गिटार घेतली आणि ती घरी न नेता भांडुपच्या कोकण नगरातल्या आपल्या पोळीभाजी केंद्रात पिठाच्या डब्यांमागे उभी केली. नवऱ्याला, धोंडिरामला, तिनं तसं सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "घे ना, बरंय." पण घरी पाय ठेवला की कुणी ना कुणी आलेलं असायचं, उद्याची भाजी निवडायची असायची. वेळ मिळाला तर तो दुकानातच मिळणार होता.

हौस जुनी होती. वेंगुर्ल्याला लहानपणी शेजारच्या फर्नांडिसांकडे संध्याकाळी गिटार वाजायची आणि जया कुंपणाला टेकून ऐकत उभी राहायची. आत जाऊन शिकवा म्हणायची तिची हिंमत झाली नाही. मग लग्न झालं, भांडुप आलं, दोन मुली मोठ्या झाल्या, दुकान उभं राहिलं. गेल्या वर्षी मुलुंडच्या नंदकिशोर वैद्यांकडे ती पहिल्यांदा डबा द्यायला गेली, तर त्यांच्या भिंतीवर तीन गिटारी टांगलेल्या. वैद्य तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता घरी शिकवायचे. डबा त्यांच्या हातात देता देता जयानं विचारून टाकलं, "सर, या वयात येते का हो?"

"रोज वीस मिनिटं देणार असाल तर येते," वैद्य म्हणाले. "रविवारी तीन तास देणार असाल तर नाही येत."

वीस मिनिटं कुठून काढायची, याचा विचार करत ती रिक्षात बसली आणि घाटकोपरपर्यंत वळसा पडला असता तरी तिला कळलं नसतं. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी परातीत सापडलं. तीन वाजता संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक भिजवून झाली की ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरायला ठेवायची. तो अर्धा तास आजवर मोबाइल बघण्यात जायचा.

तेव्हापासून रोज तीनला फडकं परातीवर पडलं की जया हात धुऊन गिटार मांडीवर घ्यायची. सरांनी आखून दिलं होतं तसंच करायची. पहिली पाच मिनिटं एकेक तार सावकाश. पुढची पाच मिनिटं दोन-तीन तारा एकत्र दाबायची एक कॉर्ड सोडून दुसऱ्या कॉर्डवर बोटं न्यायची. उरलेला वेळ गाणं. बाकीच्या शिष्यांची बोटं पहिला महिनाभर तारांनी सोलवटायची म्हणे. जयाची बोटं पंचवीस वर्षं तव्यावरची पोळी चिमट्याशिवाय उलटत आलेली, त्यांना तारेचं काय?

अडचण वेगळीच होती. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना तिची बोटं शोधाशोध करायची, आणि तेवढ्यात उजवा हात थांबायचा. गाणं चालता चालता ठेच लागल्यासारखं अडायचं, पुन्हा निघायचं, पुन्हा अडायचं. सर दर रविवारी सांगायचे, हात थांबवू नका. जया दर रविवारी मान डोलवायची आणि सोमवारी हात थांबायचा.

हे सगळं रोज ऐकायला प्रेमा होती. प्रेमा परब, कणकवलीकडची, जयाच्याच वयाची, बारा वर्षं दुकानात पोळ्या लाटणारी. तिच्या पोळ्यांसाठी लोक कांजूरमार्गवरून यायचे. तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "काय गो ह्या? आता पोळीबरोबर गाणा फुकट देतलंस?" त्यानंतर ती जयाकडे पाठ करून कोथिंबीर निवडायला बसायची.

असे चार महिने गेले. मग एका बुधवारी जयाला जी वरून सी वर लागोपाठ तीनदा नीट जाता आलं. तिचा आनंद गगनात मावेना. अजून एकदा, अजून एकदा करत साडेतीन झाले, पावणेचार झाले. प्रेमा सामान आणायला बाजारात गेली होती. शेगडीवर वाटाण्याची उसळ होती, हे जयाला वास आल्यावरच आठवलं.

वरची वरची काढून तिनं डबे भरले, पण चव लपते थोडीच. आठ वाजता इरावती केळकरांचा फोन आला. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. "जया, उसळ करपली का गं? तुझ्याकडे असं कधी होत नाही."

जयानं माफी मागितली. फोन ठेवते तर समोर प्रेमा कमरेवर हात ठेवून उभी.

"सरळ सांगतंय तुका," प्रेमा म्हणाली. "एक तर पोळीभाजी कर, नायतर ता वाजव."

 जयानं गिटार पिशवीत घालून माळ्यावर ढकलली आणि शटर ओढलं.

गुरुवारी तीन वाजता फडकं परातीवर पडलं आणि जया कांदे चिरायला बसली. शुक्रवारी तिनं आधीच चकचकीत असलेले डबे घासले. शनिवारी गिऱ्हाइकानं जास्तीची चटणी मागितली तर त्याच्यावर खेकसली. रविवारी वैद्यांकडे गेलीच नाही, पाहुणे आलेत म्हणून कळवलं. धोंडिरामनं विचारलं, "बरं नाही का तुला?" तर त्याच्यावरही खेकसली.

सोमवारी तीनला ती परातीवर फडकं टाकून वळली, तर प्रेमा स्टुलावर चढून माळ्यावरून गिटार काढत होती.

"ठेव ती," जया म्हणाली.

"गप बस." प्रेमा धुळीनं शिंकत खाली उतरली. "चार दिस झाले, माझ्या डोक्यात ता तुझा गाणा फिरताहा. आणि दर वेळी त्याच जागेर अडता. रात्री झोपेत पण अडता. ता एकदा पुरा कर म्हणजे मी सुटलंय."

जयाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "मला नाही जमत प्रेमा. हात थांबतो."

"थांबतलोच. तू डाव्या हाताची वाट बघतंस." प्रेमानं एक मूठभर कणीक तोडली, पोलपाटावर गोळा ठेवला आणि लाटणं फिरवायला घेतलं. "आमचो बापूस दशावतारात मृदंग वाजवी. राजा वाक्य विसरलो, तरवार पडली, काय पण झाला तरी मृदंग चालू. माका लहानपणी शिकवलेला त्यान. म्हणायचो, चुकलेला लोक विसरतत, थांबलेला विसरनत नाय."

लाटणं पोलपाटावर टक टक वाजत होतं, एका चालीत. बारा वर्षं जया तो आवाज ऐकत होती आणि तिनं तो कधी ऐकलाच नव्हता.

"उजवो हात ह्याच्याबरोबर चालव. डावो इलो तर इलो, नाय तर नाय. वाईट वाजूदे."

वाईटच वाजलं. बोटं उशिरा पोचली, तारा खरखरल्या, एकदा तर कॉर्ड लागलीच नाही. पण उजवा हात लाटण्याबरोबर चालत राहिला, आणि गाणं पहिल्यांदाच शेवटापर्यंत गेलं. 

"परत," प्रेमा म्हणाली.

पुढे रोज तसंच चाललं. मात्र प्रेमानं नियम घातला, की तीनच्या आधी शेगडी बंद आणि साडेतीनला गिटार डब्यांमागे. जयानं तो मुकाट्यानं पाळला. पंधरा दिवसांत बोटं वेळेवर यायला लागली. महिन्याभरानं प्रेमानं आपल्या गावचं हळदीचं गाणं गुणगुणलं आणि दोघींनी मिळून त्याला तीन कॉर्ड शोधून काढल्या. दुपारी चहा पिणारे रिक्षावाले दुकानासमोर जरा जास्त वेळ थांबू लागले.

वैद्यसरांच्या शिष्यांचा वार्षिक कार्यक्रम मुलुंडच्या एका छोट्या हॉलमध्ये होता. जया म्हणाली, प्रेमा असेल तर मी वाजवीन. प्रेमा म्हणाली, माका खुळी समजतंस काय. मग तिनं भाच्याची ढोलकी मागून आणली आणि आठ दिवस शेजाऱ्यांना वैताग दिला.

त्या शनिवारी दुकान बंद. स्टेजवर जायच्या आधी जयानं पडद्याआडून डोकावून पाहिलं. तिच्याआधीचे सगळे वाजवणारे दहा-बारा वर्षांचे, त्यांच्या आयांनी फोन वर धरलेले. पहिल्या रांगेत धोंडिराम इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. शेजारी इरावतीबाई.

दुसऱ्या कडव्याला जयाचं बोट घसरलं आणि भलताच सूर निघाला. तिनं प्रेमाकडे पाहिलं. प्रेमा तिच्याकडे बघतही नव्हती. डोळे मिटून, मान हलवत ती ढोलकीवर होती, चेहऱ्यावर असं काही, जे जयानं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. जयाचा हात चालत राहिला. तिसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतल्या दोन बायका हळदीचं गाणं ओळखून सुरात सूर मिसळून गायला लागल्या, मग अजून चार. शेवटची ओळ सगळ्यांनी दोनदा म्हटली.

टाळ्या थांबल्यावर वैद्यसर स्टेजमागे आले. त्यांनी जयाला शाबास म्हटलं आणि प्रेमासमोर हात जोडले. "तुम्ही कुणाकडे शिकलात?"

"बापाशीकडे," प्रेमा म्हणाली. एवढंच म्हणाली, पण ढोलकी तिनं भाच्याला परत द्यायच्या पिशवीत काही घातली नाही. मांडीवरच धरून बसली.

बाहेर धोंडिराम तिघांसाठी उसाचा रस घेऊन उभा होता. प्रेमानं एका दमात ग्लास संपवला आणि जयाला विचारलं, "सोमवारी कुठला गाणा घेऊया?"