भरमाअण्णांची खाकी

मित्रांनो, मला पाहिलंत तर कदाचित हसाल. कॉलर विरली आहे, डाव्या बाहीवर जळल्याचं भोक रफू केलेलं आहे आणि अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. मी एक जुना खाकी गणवेश आहे. निपाणीचे भरमाअण्णा अग्निशमन दलात जवान होते, त्यांचा.

माझं कापड सरकारी, पण मला शिवलं बेळगावातल्या शहापूरच्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं. माप घेता घेता तो अण्णांना म्हणाला होता, "खांद्यात जरा सैल ठेवतो बघा. तुमास्नी माणसं उचलाय लागत्यात." त्या सैल खांद्यांवर अण्णांनी खरंच माणसं उचलली. सदलग्याला नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा एक बाळंतीण आणि तिचं आठ दिवसांचं बाळ माझ्याच खांद्यावरून नावेत आलं. उसाचे पेटलेले फड आम्ही विझवले, विहिरीत पडलेल्या म्हशी वर काढल्या. लोक अण्णांना ओळखत नसत, मला ओळखत. मी लांबून दिसलो तरी रडणारी माणसं गप्प होत. त्याचा मला फार अभिमान होता.

बाहीवरचं भोक तंबाखूच्या वखारीतलं. त्या आगीत अण्णा आणि त्यांचा जोडीदार मष्णू दोघं आत गेले होते. वरचा वासा कोसळला आणि अण्णा एकटेच बाहेर आले. धूर त्यांच्या छातीत कायमचा बसला. मष्णूचा फोटो दलाच्या भिंतीवर लागला.

पुढं अण्णा निवृत्त झाले. बरोबरीच्या लोकांच्या गणवेशांची गाड्या पुसायची फडकी झाली. मला मात्र अण्णांनी जपलं. एप्रिलच्या चौदा तारखेला कामावर मेलेल्या जवानांची आठवण काढतात. त्या दिवशी ते मला खळ घालून, कडक इस्त्री करून बेळगावला नेत आणि मष्णूच्या फोटोपुढं सलाम ठोकत. वर्षातून एकदा का होईना, मला पुन्हा अंग मिळे.

घरात सगळ्यांना हे पटत नव्हतं. त्यांची सून सौम्या दवाखान्यात नर्स आहे. अण्णांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, त्या चौदा तारखेला सकाळी ती म्हणाली, "मामा, पांढरा शर्ट घालून जावा की. ड्युटी संपली की मीबी ड्रेस बदलूनच रस्त्यावर येतो. कुणी मदत मागत धावत आलं तर काय करायचं?"

"मष्णू खाकीतच गेला," अण्णा म्हणाले. "त्येच्यापुढं मी लग्नाला आल्यागत उभारू व्हय?"

"त्येला कळतंय हो सगळं. रस्त्यावरच्या माणसाला कळत न्हाय."

अण्णांनी बटणं लावली आणि निघाले. खरं सांगतो, मित्रांनो, मला सौम्याचा राग आला होता.

कार्यक्रम छान झाला. दुपारी परतताना अण्णा संकेश्वरला उतरले. तिथं त्यांची थोरली बहीण नागूबाई राहते, तिला भेटून पुढं निपाणीला यायचं होतं. गल्लीच्या तोंडाशीच धूर दिसला. परसातली कडब्याची गंजी पेटली होती आणि वाऱ्यानं जाळ शेजारच्या घरावर गेला होता. बायका टाकीपासून रांग धरून बादल्या पुढं देत होत्या. नागराज नावाचा एक दांडगा गडी कुदळीनं मागची मातीची भिंत फोडत होता.

तेवढ्यात कुणीतरी मला पाहिलं.

"फायरवाले आले! सरा, सरा!"

रांग मोडली. बादल्या खाली ठेवल्या गेल्या. नागराजनं कुदळ टाकली आणि तो घाम पुसत बाजूला झाला. घरची बाई, यल्लव्वा, पळत आली. तिनं माझी बाही दोन्ही हातांनी धरली.

"साहेब, आलासा! सासू आत हाय हो. मागच्या खोलीत. तिला उठाय येत न्हाय."

अण्णांनी मागं वळून पाहिलं. सवयच ती. मागं गाडी नव्हती, पाण्याचा पाइप नव्हता, मष्णू नव्हता. तिथं त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं, "मी रिटायर हाय. तुम्ही भिंत फोडा." त्यांचे ओठ हललेले मला आठवतात. पण सगळ्या गल्लीचे डोळे माझ्यावर होते आणि अण्णांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी टॉवेल भिजवला, तोंडाला बांधला आणि ते दारातून आत शिरले.

अडुसष्ट वर्षांचं वय, गुडघे गेलेले, छातीत जुना धूर. पहिली खोलीही ओलांडता आली नाही. ते उंबऱ्याच्या आतच कोसळले. त्यांना ओढून काढायला दोन माणसं लागली, आणि तेवढा वेळ ती दोघं त्या म्हातारीच्या कामी आली नाहीत. मग नागराजनं पुन्हा कुदळ उचलली. भिंतीला भगदाड पाडून त्यानं तिला बाहेर आणलं. ती जिवंत होती.

थोड्या वेळानं खरी गाडी आली. एका तरुण जवानानं अण्णांना पाणी दिलं आणि अदबीनं विचारलं, "कुठल्या स्टेशनचे, अण्णा?"

चौथ्या दिवशी म्हातारी दवाखान्यात वारली.

कुणी अण्णांना बोल लावला नाही. उलट, म्हाताऱ्या साहेबानं जिवाची पर्वा केली नाही, असं गल्लीत बोललं जाई. नागूबाईनं ते कौतुकानं निरोपात कळवलं. त्या रात्रीपासून अण्णांचं जेवण तुटलं. पंधरा दिवसांनी त्यांनी पांढरा शर्ट घातला, मला घडी करून पिशवीत ठेवलं आणि संकेश्वर गाठलं.

यल्लव्वा नव्या पत्र्याखाली बसली होती. त्यांना पाहून उठली. "या साहेब. आमच्यासाठनं तुम्ही आगीत शिरलासा."

अण्णांनी मला पिशवीतून काढून मांडीवर ठेवलं. "बाई, मी साहेब न्हाय. आठ वरसं झाली रिटायर होऊन. त्या दिशी आल्या आल्या सांगाय पायजे होतं. सांगितलं न्हाय."

तिनं माझी बाही बोटांनी चाचपली.

"सांगितला असतासा," ती हळूच म्हणाली, "तर नागराजनं कुदळ टाकली नसती."

"व्हय."

ती ओरडली नाही. माफ केलं, असंही म्हणाली नाही. आत गेली, चहा आणून त्यांच्यापुढं ठेवला आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसली. अण्णांनी तो चहा प्यायला. मला वाटतं, तेवढं कठीण काम त्यांनी नोकरीतही केलं नसेल.

तेव्हापासून मी ट्रंकेत आहे. चौदा तारखेला अण्णा पांढऱ्या शर्टात जातात. तिथं त्यांना कोण ओळखतं, कोण नाही, मला माहीत नाही. त्या दालनात माझी जागा रिकामी राहते याचं दुःख मला होतं, ते लपवत नाही. पण मी अंगावर असणं म्हणजे लोकांना दिलेलं वचन आहे, आणि ते पाळायची ताकद ना अण्णांत उरली, ना माझ्यात.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा जुना गणवेश असेल. त्याची फडकी करू नका. त्याला ऊन दाखवा, त्याची भोकं कशानं पडली ते विचारून घ्या. पण तो घालून कुणी गर्दीत निघालं, तर सौम्यानं विचारलेला प्रश्न तुम्हीही विचारा. आणि कुठं आग लागलीच, तर खाकी दिसली म्हणून हातातली बादली खाली ठेवू नका.

परवा सौम्यानं मला वाळवायला गच्चीवर टाकलं होतं. खालून जाणाऱ्या एका दूधवाल्यानं सहज विचारलं, "अण्णा अजून ड्युटीवर हाईत व्हय?" सौम्यानं तोंड उघडायच्या आतच अण्णा खोलीतून धडपडत बाहेर आले आणि कठड्याला धरून मोठ्यानं म्हणाले, "न्हाय रं बाबा! मी रिटायर हाय!"

हल्ली ते सगळ्यांनाच सांगतात, न विचारणाऱ्यालासुद्धा. दरवेळी ते ऐकलं की मला वाटतं, त्या दुपारी एकदाच म्हटलं असतंत, अण्णा.