चरबी थिजत नव्हती

गोजरानं तपेलं तिरपं केलं आणि चरबी पाण्यासारखी काठाकडे पळाली.

पुसाची थंडी होती. रांजणाला हात लावला तर बोटं बधिर व्हायची. अशा थंडीत डुकराची चरबी सकाळपर्यंत पांढरी, घट्ट होते, खरवडून काढावी लागते. ही रात्रभर ओट्यावर राहून तशीच, पिवळी, पातळ. काल घरचं डुक्कर कापलं तेव्हाच मटण बोटानं दाबलं तसं दबून राहिलं होतं. तिनं बोट बुडवून हुंगलं.

"जवस," ती म्हणाली.

तिचा नवरा नानाजी शेकोटीत काडी खुपसत होता. "काय जवस?"

"डुकरानं जवसाची पेंड खाल्ली. एखांद्या दिवशी नाई, रोज खाल्ली. त्याबिगर चरबीचं असं तेल नाई होत."

"आन तू देल्ली? आपल्या घरी तं कोंड्याचे वांधे."

"म्या कायले देऊ? तेच तं म्हणून राह्यली. देल्ली कोनं?"

नानाजीची काडी शेकोटीतच राहिली.

गावात घाणा एकच, उकंडरावचा. मानमोडीच्या तापात उकंडराव गेला, पोरं गेली, चाऱ्यावाचून घाण्याचा बैलही गेला. म्हातारी माय प्रयागबाई तापात आत पडून होती. बाहेरून हाका मारल्या, ओ आली नाही. कोणाचं मढं कोणी उचलायचं, असे ते दिवस. तीही गेली असं समजून, दाराला हात न लावता लोक शेतात राहायला पळाले. परत आले ते अर्धेच. आणि आल्यापासून त्या बंद घरातून घाणा कुरकुरताना ऐकू यायचा. आज दिवस मावळायच्या आत घर जाळायचं, असं मारोतराव पाटलानं ठरवलं होतं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचे भारे सकाळीच दारात पडले होते.

"थो घाना भुताचा हाय," नानाजी म्हणाला. "तू बी आयकला."

"आयकला ना. पन भुताच्या पेंडीनं चरबी पातळ होते काय?"

"वा! आता चरबी हुंगून भुतं वळखतं काय वं?"

"पाटलाले थांबवा तुमी."

"आन काय सांगू त्याले? चरबी थिजली नाई म्हून घर जाळू नोका? गाव हासन मले."

"हासू द्या! हासाले जिते तं हायेत!"

तो उठला नाही. दिवसभर ती आत-बाहेर करत राहिली. ऊन कललं तशी हात न धुताच निघाली.

उकंडरावच्या घरामागं मोरीजवळची माती डुकराच्या खुरांनी तुडवली होती. मोरीच्या तोंडाशी पेंडीचा चुरा. तिनं उचलून चिमटीत दाबला. बोटांना तेल लागलं. आत घाणा कुरकुरत होता, तो थांबला.

"कोन हाय वं आत?"

कोणीतरी श्वास धरला होता, तो सुटल्याचं तेवढं ऐकू आलं.

मागचं दार वाळवीनं खाल्लेलं होतं. दोन धक्क्यांत कडी निघाली. अंधारात घाण्याच्या आडव्या लाकडाला धरून एक बाई उभी होती. केस मोकळे, लुगडं तेलानं काळं झालेलं.

"प्रयागबाई?"

म्हातारी लाकडाच्या पलीकडे सरकली. "तिथंच राह्य."

"मी गोजरा. नानाजीची गोजरा. चाल माय, लोक आग लावून राह्यले."

"लोक?" म्हातारी हळूच म्हणाली. "लोक कुठून आनले? ताप उतरल्यावर म्या गळा बसेतो हाका मारल्या. कोनी नाई आलं. सारा गाव गेला. मंग एक दिवस बाहेर बोलाले लागले. मेलेल्या मानसाइचे आवाज, सारे वळखीचे. म्या कडी लावून घेतली."

"आन पेंड?"

"एक जनावर येत होतं मोरीपाशी. थेच एक जितं. नाक गरम लागे हाताले. त्याच्यासाठी फिरवतो घाना." तिनं मोरीकडे पाहिलं. "आता थे बी येत नाई."

गोजरानं हात पदराखाली घेतले.

पुढच्या दाराकडून रॉकेलचा वास आला. पऱ्हाटी कडकडली.

"पाटील!" गोजरा जिवाच्या आकांतानं ओरडली. "थांबा! आत मानूस हाय!"

बाहेर पावलं मागं सरकली. मग कोणीतरी किंचाळलं, "बोललं! आतून बोललं! लावा लवकर!"

गोजरानं हात पुढं केला. "चाल माय. मागचं दार उघडं हाय."

म्हातारीनं हाताकडे पाहिलंच नाही. ती जमिनीकडे पाहत होती.

"पाय दाखव," ती म्हणाली. "मेलेल्याइचे उलटे राह्यते."

गोजरानं लुगडं घोट्यावर ओढलं. पुढच्या दाराच्या फटीतून उजेड आत येत होता, पिवळा, हलणारा. त्यात एक पाऊल टाकून ती उभी राहिली. म्हातारी वाकून पाहत राहिली.

मग गोजरानंही खाली, आपल्याच पावलांकडे पाहिलं.