दर बुधवारी मौन पाळणारा गोळा

त्या सकाळी किल्ल्यावर मुंगीला शिरायला वाव नव्हता. तटावर माणसं, बुरुजावर माणसं, दारूकोठाराच्या मोडक्या छपरावरही माणसं, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. मधल्या चौकात चौथऱ्यावर घागरीएवढा काळाकुट्ट तोफगोळा ठेवलेला. एक काडीसारखी मुलगी पुढे आली, तिनं डोळे मिटले आणि झोपेतून उठून उशी बाजूला सारावी तसा तो गोळा उचलून परत ठेवला. मग तिचा होणारा नवरा आला. दंड बघाल तर माझ्या कमरेएवढे. त्यानं दातओठ खाल्ले, त्याच्या शर्टाचं बटण उडून समोरच्या काकूंच्या पर्सवर आपटलं, पण गोळा ढिम्म.

मागे खुर्चीत बसलेले तोफबाबा मंद हसले. म्हणाले, "गोळा जड नसतो, बाळा. मन जड असतं."

झालं. तो एवढा धिप्पाड गडी तिथेच मटकन बसला आणि आपण चोरून सिगारेट ओढतो हे शेकडो लोकांसमोर रडत रडत सांगून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात एका राजाची पँट होती.

माझी ओळख सांगायची राहिलीच. किल्ल्याच्या पायथ्याशी माझं दुकान आहे. पर्यटकांना राजाराणीचे पोशाख भाड्यानं द्यायचे, ते अंगावर बसवून द्यायचे आणि फोटो काढून झाले की परत घ्यायचे, हा माझा धंदा. आमच्याकडे येणाऱ्या राजांची पोटं फार सुटलेली असतात. त्यामुळे पुढून झगा बंद होतो, पाठीला उघडा राहतो, आणि तिथे मी टाचण्या लावते. टाचण्यांची डबी सदैव माझ्याजवळ असते. जगातल्या निम्म्या राजांचं राज्य माझ्या टाचण्यांवर टिकलेलं आहे.

आता हा गोळा आला कुठून? काही वर्षांपूर्वी आमच्या किल्ल्यावर एका सिनेमाचं शूटिंग झालं. त्यात एक प्रसंग होता. राणीवर खोटा आळ येतो, ती भर दरबारात तोफगोळा उचलते, आणि खरी ठरते. कुणा लेखकानं कुठेतरी पंख्याखाली बसून तो प्रसंग रचला असणार. पण सिनेमा चालला, धो धो चालला, आणि पर्यटकांची रीघ लागली. जो तो विचारायचा, राणीनं उचललेला गोळा कुठला? सिनेमावाले जाताना बरंच सामान टाकून गेले होते, त्यातला गोळा आमच्या लोकांनी दाखवायला सुरुवात केली. आधी हसत हसत दाखवायचे, मग गंभीरपणे दाखवायला लागले. रोज दाखवून दाखवून शेवटी स्वतःच त्याला हात जोडायला लागले. पाहुण्यांना थाप मारता मारता आपणच तिला बळी पडायचं, हे आमच्याच गावाला जमावं.

आणि मग एके दिवशी तोफबाबा अवतरले. किल्ल्याचा शेवटचा तोफची आपल्या अंगात येतो म्हणाले. अंगावर पायघोळ झगा, डोक्याला लाल फेटा, आणि तोंडात अखंड दारूगोळा. लग्न ठरलेल्या जोडप्यांनी गोळा उचलून खरेपणा सिद्ध करावा, ही टूम त्यांचीच. वर त्यांचे नियम. चौथऱ्याजवळ कसलंही लोखंड आणायचं नाही, का तर लोखंडाला लोखंड दिसलं की गोळ्याला युद्ध आठवतं. आणि बुधवारी गोळ्याचं मौन. बुधवारी गोळा कुणाचाही न्याय करत नाही.

आमच्या गावच्या लॉजवाल्या शेठनी लगेच पाटी बदलून 'सत्यपरीक्षा लॉज' केली. खोल्या वर्षभर भरलेल्या.

या सगळ्याला एकटी आडवी जायची ती माझी भाची. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, बहीण गेल्यापासून माझ्याकडेच वाढलेली. घरात तिला टकळी म्हणतात, आणि का ते तिच्यासोबत चार पायऱ्या चढलात तर कळेल. ती किल्ल्यावर गाईड आहे. पर्यटकांना तट दाखवते, पाण्याची टाकी दाखवते, आणि चौथऱ्याशी आली की स्पष्ट सांगते, हे सिनेमातलं आहे, इतिहासात अशी राणी नव्हती आणि असा गोळाही नव्हता. बाबांच्या खुर्चीपासून दोन हातांवर उभी राहून सांगते.

बाबांनी वाट पाहिली. त्यांना फार थांबावं लागलं नाही. टकळीचं लग्न लॉजवाल्यांच्याच मुलाशी ठरलं. पोरगा चांगला, पण त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून घोडा काढण्यापैकी. लॉजवाले म्हणाले, सगळ्या गावाच्या सुना गोळा उचलतात, मग आमचीच का नको? माझी भाची हसत हसत गेली. उचलते की, म्हणाली, त्यात काय.

गोळा हलला नाही.

तिनं परत हात घातला. पुन्हा. तिचा चेहरा लाल झाला आणि गर्दीत कुजबूज सुरू झाली. बाबांनी डोळे मिटून मान हलवली आणि हळू आवाजात, पण मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "जी पोर रोज या गोळ्याला खोटं म्हणते, तिच्याच पोटात काही लपलेलं असेल, तर गोळा काय करणार?"

मी लॉजवाल्यांच्या मुलाकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी लॉजवाल्यांचा निरोप आला, लग्नाचं सध्या राहू द्या. बाजारात बायका टकळीकडे बघून बोलायच्या थांबायला लागल्या. एक पर्यटक तर तिला म्हणाला, आम्हाला दुसरा गाईड द्या. माझं डोकं भणभणलं, पण खरी कळ आली ती रात्री जेवताना. ताट तसंच पुढ्यात ठेवून ती मला म्हणाली, "मावशी, खरंच माझ्यात काही असेल का गं?"

ज्या पोरीनं त्या गोळ्याचं सोंग सगळ्यांच्या आधी ओळखलं, तीच आता भरल्या ताटावर बसून आपलं पाप शोधत होती. मी तिला म्हटलं, तुझ्यात आहे ती फक्त बडबड, आणि ती गेली तर मी बाबांचा झगा उसवून त्याची पायपुसणी करीन.

मग मी विचाराला लागले. त्या दिवशी चौकात मला एक गोष्ट खटकली होती, पण बोट ठेवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशीनवर एका सेनापतीचा अंगरखा शिवत होते. माझं मशीन विजेवर चालतं, खाली पायानं दाबायचं पेडल असतं. मी दाबलं, मशीन धावलं. सोडलं, थांबलं. आणि मी तशीच थांबले. गोळा अडला की बाबांच्या झग्याखाली उजवा गुडघा हळूच पुढे जायचा. मोकळा सुटला की मागे यायचा. भक्त म्हणायचे, अंगात येतं तेव्हा पाय थरथरतो. छे हो! तो थरथरत नव्हता. तो दाबत होता. हा पाय मी आयुष्यभर रोज बघत आले आहे, माझाच.

एकदा हे टोक हाती आलं, की बाकीची शिवण आपोआप उसवत गेली. बुधवारी मौन का? बुधवारी दुरुस्तीसाठी सगळ्या गावाची वीज बंद असते. बुधवारी माझं मशीनही मौन पाळतं, पण त्याच्या कुणी पाया पडत नाही. आणि लोखंड का नको? त्याचं उत्तर माझ्या टेबलावरच पडलेलं होतं. खाली सांडलेल्या टाचण्या मी लोहचुंबकानं गोळा करते.

मी टकळीला सांगितलं तेव्हा ती जी सुरू झाली ती मध्यरात्र उलटली तरी थांबेना. मला एवढं बरं वाटलं, की मी तिला गप्प बस म्हटलंच नाही.

लॉजवाल्यांना आम्ही कळवलं, मुलीला परत परीक्षा द्यायची आहे. बाबांनी उदारपणे होकार दिला. एवढी गर्दी जमणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? सारा गाव आला. लॉजवाले पहिल्या रांगेत, शेजारी मुलगा, नजर पुन्हा चपलांवर.

बाबांनी सुरुवात केली. गोळ्याला राग नाही, गोळ्याला लोभ नाही, गोळ्याला जात नाही, गोळ्याला झोप नाही. मला वाटलं आता गोळ्याला दाढीही नाही म्हणतील. टकळीनं हात लावला, बाबांचा गुडघा पुढे गेला, गोळा अडला. बरोबर त्याच वेळी मी कमरेची टाचण्यांची डबी काढली आणि सगळीच्या सगळी चौथऱ्यावर ओतली.

टाचण्या पडल्या नाहीत. उभ्या राहिल्या. गोळ्याभोवती गोल रिंगण धरून, डोकी खाली, टोकं वर, एकूणएक ताठ उभ्या. पहिली ओरडली ती एक म्हातारी, आणि तिनं टाचण्यांनाच हात जोडले.

"थांबा आजी," मी म्हटलं, "अजून यांचा पाय बघायचाय." आणि बाबांच्या झग्याची किनार धरून वर केली.

खाली फरशीवर पेडल होतं. त्याची वायर खुर्चीमागून भिंतीच्या भोकात गेलेली. बाबा दचकले, पाय उचलला, आणि सगळ्या टाचण्या एकदम आडव्या झाल्या.

बाबा तरी काय जिवट माणूस. म्हणाले, विजेतही तोच तोफची आहे. पण तोवर लॉजवाले उठून पुढे आले होते. ते बराच वेळ पेडलकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा पाय ठेवला. टाचण्या उभ्या. पाय काढला. टाचण्या आडव्या. ठेवला, काढला. आमच्या गावातला सगळ्यात थापाड्या माणूस तो, आणि गोळ्याचा न्याय त्याच्या चपलेखाली. मागून कुणीतरी म्हणालं, शेठ, आता मला करू द्या, आणि मग रांगच लागली.

एक पाय निघून दुसरा यायच्या आत टकळीनं गोळा एका हातानं उचलला. डोक्यावर धरला, सगळ्यांना दाखवला आणि पायऱ्यांवरून सोडून दिला. लोखंडाचा गोळा गडगडत जातो. हा टणाटण उड्या मारत गेला आणि शेवटच्या पायरीवर फुटला. आत पोकळ. फायबरचं कवच, त्याला काळा रंग, आणि बुडाला बसवलेली एक लोखंडी पट्टी. चौथराही लाकडाचा निघाला, दगडासारखा रंगवलेला. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेतून वीज गेली की तिच्यातला लोखंडी गाभा लोहचुंबक बनतो आणि गोळ्याच्या पट्टीला घट्ट धरतो, वीज गेली की सोडतो. नंतर कळलं, बाबा त्याच सिनेमात सामान हलवायला होते. या धांदलीत ते मागच्या दरवाजानं पसार झाले, फेटा मात्र तटावरच राहिला.

लॉजवाल्यांनी गर्दीतून वाट काढत येऊन टकळीपुढे हात जोडले. झालं गेलं विसरून जा, म्हणाले, लगेच तारीख काढू. मुलगा मागे उभा. या वेळी त्यानं मान वर केली होती. टकळी त्यांना वळसा घालून गेली ती थेट मुलाकडे.

"गोळा विजेनं चिकटला होता," ती म्हणाली. "तुझी जीभ कशानं चिकटली होती?"

टाळ्या वाजवायला निघालेले हात तिथेच थांबले, कारण हा प्रश्न एकट्या त्याला नव्हता. आम्ही सगळ्यांनीच तो गोळा अडताना पाहिला होता, आणि त्या पोरीला लहानपणापासून ओळखणारा एकही माणूस तेव्हा म्हणाला नव्हता, की गोळा चुकतोय. माझं तोंड एरवी कात्रीसारखं चालतं. त्या दिवशी चौकात तेही बंदच होतं.

लग्न अजून झालेलं नाही. टकळीनं त्याला काम लावून दिलंय. फुटका गोळा आता चौथऱ्यावर उलटा ठेवलाय, त्यातली पट्टी दिसेल असा, आणि दर रविवारी लॉजवाल्यांचा मुलगा तिथे उभा राहून पर्यटकांना सगळी गोष्ट सांगतो. आपण गप्प राहिलो तो भागही. सुरुवातीला घशातून आवाज फुटत नव्हता, आता मागच्या रांगेला ऐकू जातो. टकळी लांब तटावर बसून ऐकते. परवा मी विचारलं, किती दिवस गं हे? म्हणाली, बघू, अजून एका ठिकाणी अडखळतो.

तुम्ही किल्ला बघायला जरूर या. सिनेमा बघा, राणीचे कपडे घालून फोटो काढा, माझ्या टाचण्या त्यासाठीच आहेत. पण सिनेमातली राणी पडद्यावर राहू द्या. तुमच्या मुलीचा, सुनेचा, बहिणीचा खरेपणा जोखायला कुणी काहीही पुढे केलं, मग तो गोळा असो, दोरा असो की दिवा, तर आधी ती वस्तू उलटी करून बघा. मग समोर बसलेल्या माणसाचे पाय बघा. आणि हे दोन्ही जमलं नाही, तर निदान आपल्या चपलांकडे बघू नका. मान वर करा आणि त्या पोरीच्या बाजूला जाऊन उभे राहा.