गाडी घरीच राहील
टिचकीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा मामाने पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी नेणार ना बरोबर?" तिला चटकन हो म्हणवेना.

गाडी तिचीच होती. आईच्या वडिलांनी जाण्याआधी नातीच्या नावावर केलेली, जुनी, पांढरी, डाव्या दाराला पोचा आलेली. होस्टेल कॉलेजपासून लांब, मधे नुसता माळ. नेणंच शहाणपणाचं होतं. पण गाडी गेली की आईने जायचं कुठे?

बाबा घरासमोरच्या शेडमध्ये लोखंडी दारं बनवायचे. हाताला कसब होतं, पण डोकं फिरलं की तोच हात आईवर पडायचा. चहा निवला, आई फोनवर हसली, काहीही पुरायचं. एकदा त्यांनी आईची करंगळी चौकटीत धरून दार लावलं होतं. असं काही झालं की टिचकी आईला दंडाला धरून गाडीत कोंबायची, दारं लॉक करायची आणि बाबांचा पारा उतरेपर्यंत गावाबाहेर चकरा मारत राहायची.

"तू ने गाडी," आई म्हणाली. ती इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय चोळत ती पुढे म्हणाली, "माझं मी बघते."

"काय बघतेस? बरगडीला चीर गेली तेव्हा काय बघितलंस?"

आईने पाय खाली सोडले. मग म्हणाली, "मला चालवता आली असती तर गोष्ट वेगळी होती."

टिचकीचं तिथेच ठरलं. गाडी घरीच राहील आणि आई शिकेल.

बाबा दारं बसवायला बाहेर गेले की दोघी निघायच्या. आई क्लच असा सोडायची की गाडी बेडकासारखी उडायची आणि बंद पडायची. दोघी हसून हसून बेजार व्हायच्या.

त्या रविवारी सकाळी आई अंगणातून गाडी मागे घ्यायला शिकत होती. टिचकी फाटकाशी उभी राहून हाताने दाखवत होती. बाबा एका बंगल्याचं गेट बसवायला गेले होते. पण माप चुकलं, मालकाने चारचौघांत त्यांची लाज काढली, आणि ते अर्ध्या तासात परतले.

"कुणाला विचारून बसलीस?"

त्यांनी शेडमधून गज उचलला. पहिला घाव बॉनेटवर बसला, दुसऱ्याने समोरची काच फुटून आईच्या मांडीवर सांडली. टिचकीने धावत येऊन त्यांचं मनगट धरलं. त्यांनी कोपर असं हाणलं की तिचा ओठ फाटला, पुढचा दात तुटला आणि ती पायरीवर आपटली. तोंड रक्ताने भरलं.

"आज तुझीच तंगडी मोडतो. बघू कशी जातेस कॉलेजला," म्हणत बाबा गज उगारून बॉनेटसमोरून तिच्याकडे निघाले.

गाडी उसळली. बाबांचा गुडघा बंपर आणि शेडला टेकवून ठेवलेल्या एका लोखंडी गेटच्या मधे सापडला. हाड मोडल्याचं दोघींनाही ऐकू आलं. ते गुरासारखे ओरडले. आईचा पाय मात्र अ‍ॅक्सिलरेटरवर दाबलेलाच राहिला. फुटलेल्या काचेतून ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आई, घे मागे," टिचकी किंचाळली. "आई, मरतील ते."

आईने गिअर बदलला आणि इंजिन बंद न पाडता गाडी मागे घेतली. बाबा खाली कोसळले. ते "आई गं, आई गं" करत होते. टिचकीचे पाय नकळत त्यांच्याकडे वळले. त्यांच्या डोक्याखाली तिने आपली ओढणी सरकवली, आणि त्याच वेळी आता ते उठू शकणार नाहीत म्हणून तिला हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला पुढे कितीतरी दिवस शरम वाटत राहिली.

इस्पितळात हवालदाराने आईला सुटायला वाट करून दिली. "नवशिक्या आहात. गिअर चुकला असेल, नाही का?"

"गिअर बरोबर होता," आई म्हणाली. "तो माझ्या मुलीला मारायला चालला होता."

आईवर केस झाली, जामीनही मिळाला. बाबांचा गुडघा पुन्हा वाकला नाही. ते काकांकडे राहायला गेले, आणि शेडला कुलूप लागलं.

मामाने नवी काच बसवून आणली आणि म्हणाला, "आता तरी ने गाडी. आता कसली भीती?"

"नको, गाडी घरीच राहील," टिचकी म्हणाली. ओठाला टाके होते, त्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते. ती बसने गेली आणि माळावरून रोज पायी ये-जा करू लागली.

केसच्या पहिल्या तारखेला ती सुट्टी काढून आली. कोर्टापर्यंत आईने स्वतः गाडी चालवत नेली. शेजारी टिचकी बसली होती, आणि आईने ब्रेक दाबला की दर वेळी तिचाही पाय आपोआप दाबला जात होता.